हसऱ्या बायांचा कॅट

"ही बाई थंडीने मरेल," सुगंधा म्हणाली आणि हातातला पत्ता तिने टेबलावर पालथा घातला.

"आंटी, देवी आहे ती. समुद्रातून वर येतेय," रोशेलने सांगितलं.

"समुद्रातून मीपण कैकदा वर आलेय, वेंगुर्ल्याच्या. पण अंगभर कपड्यांत."

रोशेल खालच्या मजल्यावर राहायची. मूळची वसईची, नोकरी विमानात, त्यामुळे मुंबईहून काही गुपचूप आणायचं असलं की अख्ख्या इमारतीला तिचीच आठवण यायची. या खेपेला तिने टॅरोचे, भविष्य बघायच्या पत्त्यांचे, दोन कॅट आणले होते. एक परदेशी देवींचा, एक आपल्या देवींचा. दोन्हींना सुकटीचा वास मारत होता.

"देवी आणि सुकट एका पिशवीत घातलीस?"

"सुकट तुम्हीच सांगितली होती ना."

सुगंधाने खिडकी उघडली, ओमानमधल्या मवालेहची भट्टीसारखी हवा तोंडावर आली तशी लावून घेतली, खुर्चीत बसली, पुन्हा उठली. गेला आठवडाभर तिचं हेच चाललं होतं. गॅस बंद केला का ते बघायला स्वयंपाकघरात जायची आणि तिथून हातात लसूण घेऊन बाहेर यायची, का ते तिलाही ठाऊक नसायचं.

सुगंधा म्हणजे शाळेच्या बसमधली बाई. सकाळी पोरं चढवायची, दुपारी उतरवायची, मधल्या वाटेत कुणाची उलटी, कुणाची मारामारी, कुणाचा हरवलेला डबा. उभा जन्म त्या बसच्या पहिल्या सीटवर गेला. पण शुक्रवारी दुपारी बायका तिच्याकडे 'चहाला' यायच्या. इथे असल्या गोष्टींचा गवगवा करायचा नसतो, म्हणून नाव चहाचं. मुलगी प्रियांका शिकायला पुण्याला गेली तेव्हा टॅरोचा एक कॅट कपाटात टाकून गेली होती. फेकवेना म्हणून सुगंधा त्याबरोबरचं पुस्तक वाचत बसली आणि बघता बघता हात बसला. तिचं सांगणं असं अचूक उतरायचं म्हणे, की बाजारातले व्यापारी कांद्याचा भाव फोडण्याआधी बायकोला तिच्याकडे चहाला धाडायचे. यातला कांदा खरा. बाकीचं ज्याने त्याने बघून घ्यावं.

आता तो जुना कॅट तिला डोळ्यांसमोर नको होता, आणि त्याचं कारण होती रेवा.

रेवा समोरच्या इमारतीतली. तिचा नवरा अजिंक्य लांब दुक्मला रिफायनरीच्या कामावर, महिन्याकाठी कधीतरी घरी. गेल्या वर्षी ती अशीच चहाला आली होती. पोटुशी होती, तिसरा महिना, कुणाला सांगितलं नव्हतं. हसत हसत तिने पत्ता ओढला आणि घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा निघाला, मृत्यूचा पत्ता. पुस्तकात त्याचे चांगलेसुद्धा अर्थ दिलेत. पण सुगंधाच्या तोंडून त्यातला एक फुटला नाही. तिने घाईघाईने चिवड्याची बशी त्या पत्त्यावर ठेवली आणि बाजारातल्या शेवग्याच्या शेंगांचा विषय काढला. पंधरवड्याच्या आत रेवाचं पोट पडलं. त्यानंतर रेवा चहाला आली नाही. बस थांब्यावर दिसली तर लांबून हात करायची, तेवढंच.

आणि आता तिचा मेसेज आला होता: काकू, या शुक्रवारी येऊ का? रोशेलकडून पुढचं कळलं. रेवाला पुन्हा दिवस गेलेत, रविवारी मोठं स्कॅन आहे.

"मला असा कॅट हवा," सुगंधा म्हणाली, "ज्यात घाबरवणारं कुणी नाही. सापळा नाही, पडका बुरूज नाही, शिंगंवाला नाही. नुसत्या मायाळू बाया."

"मग आपल्याच घ्या ना. लक्ष्मी, सरस्वती. सगळ्यांना माहितीतल्या."

सुगंधाला पटलं. आणि इथेच चूक झाली.

संध्याकाळी तिने हात धुतले, पाट मांडला, त्यावर तांदळाची रास घातली आणि कॅट ठेवला. उघडायच्या आधी सवयीने हळदकुंकू वाहिलं. मग पत्ते पिसायला घेतले, तर पहिल्याच फेरीत लक्ष्मी खाली, तिच्यावर अन्नपूर्णा, आणि सरस्वती चक्क डोक्यावर उभी. सुगंधाचा हात थांबला. तिने सरस्वती सरळ केली, तोंडात मारून घेतली. पुन्हा पिसले. या वेळी अन्नपूर्णा उलटी.

गजेंद्र, तिचा नवरा, गाला भागातल्या गॅरेजमधून नुकताच कामावरून आला होता. हातावरचं ग्रीस अजून साबणाला दाद देत नव्हतं. दारात उभा राहून तो बघत होता.

"ह्या काय गो? देवीक कोण पिसता?"

"मग पत्ता काढायचा कसा?"

"ता माका काय इचारतंस. पण कुळदेवीक जर कोणी असा खालीवर केला असता, तर तुझ्या बापाशीन त्येका घराभायर काढल्यान असता."

"तुम्ही चहा घ्या आणि गप बसा."

"चाय खंय हा?"

चहा ठेवलाच नव्हता. ती ठेवायला गेली, तोवर शेजारची कलावती साखर मागायला आली. पाटावरचा कॅट बघून तिने चपला दाराबाहेर सरकवल्या, नमस्कार केला आणि साखर न घेताच परत गेली. थोड्या वेळाने आली ती नारळ घेऊन. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन बहिणी आल्या, गजरा घेऊन. बुधवारपर्यंत पत्ते कुंकवाने एकमेकांना असे चिकटले की सुरी घातली तरी सुटेनात, आणि कॅट आपल्या पायाने चालत गेल्यासारखा देव्हाऱ्यात जाऊन बसला. गजेंद्रच्या गॅरेजमधला एक मेकॅनिक एका अर्बाबच्या, म्हणजे अरबी मालकाच्या, गाडीच्या क्लचसाठी त्या कॅटला नवस बोलून गेला, असंही सांगतात. क्लच काही सुधारला नाही. पण अर्बाबने गाडीच विकली, तेव्हा नवस फेडावा की नाही यावरून त्या मेकॅनिकची झोप उडाली.

"आंटी, तो परत काढता नाही येणार?" रोशेलने विचारलं.

"देव्हाऱ्यातून देव काढून डाव मांडू? बरी आहेस ना?"

उरला परदेशी कॅट. सुगंधाने तो पुन्हा एकेक पत्ता करून बघितला. कुठल्या कुठल्या मुलखांतल्या देवी, मोकळ्या केसांच्या, कुणाच्या मांडीवर हरीण, कुणाच्या हातात टोपली. कुणी उलटी आली तरी मनाला लागत नव्हतं, परक्या घरच्या पाहुण्या होत्या त्या. आणि सगळ्या हसत होत्या. जिथे सापळा असायला हवा तिथेसुद्धा एक म्हातारी पानगळीच्या झाडाखाली बसून हसत होती. समुद्रातल्या त्या बाईला मात्र सुगंधाने बाजूला ठेवलं. एक पत्ता कमी असला तर कुणाचं अडत नव्हतं.

तरी जीव थाऱ्यावर येईना. गुरुवारी बसमध्ये तिने एकाच पोराला दोनदा उतरवलं, आणि त्याची आई दारात हसत उभी असताना त्याला परत वर चढवलं. ड्रायव्हर हुसैनमियाँ आरशातून बघत होता.

"सुगंधाबाई, आज किधर है आप?"

"इधरही है. गाडी चलाव."

"गाडी तो चल रही है. आप नहीं चल रहे."

शुक्रवारी बाकीच्या बायकांना तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. रेवा एकटीच आली, हातात सीताफळांची पिशवी. चेहरा सुकलेला, ओढणी सारखी पोटावर ओढत होती. सुगंधाने तिला पंख्याखालची खुर्ची दिली, मग एसी लावला, मग उशी आणली, मग दुसरी उशी.

"काकू, बसा ना तुम्ही."

"बसते गं. चहा घेतेस? का सरबत करू? चहा नको तुला. दूध देऊ?"

"काही नको."

सुगंधाने कॅट पुढे केला. रेवाने त्यावरचा सुकटीचा वास घेतला, नाक मुरडलं आणि पहिल्यांदा जरा हसली. तिने एक पत्ता काढला. नदीकाठी टोपली घेऊन बसलेली बाई.

"बघ, भरलेली टोपली," सुगंधा म्हणाली. "छान होणार सगळं."

रेवाने दुसरा काढला. मांडीवर हरीण.

"हे तर उघडच आहे. मांडी भरलीय."

तिसरा, चौथा. रेवा आता थांबत नव्हती. पत्त्यामागून पत्ता काढून ती टेबलावर मांडत सुटली आणि सुगंधाची जीभ तिच्यामागे धावत सुटली, हे चांगलं, हे तर फारच चांगलं. टेबल भरलं. रेवाने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"काकू, ह्यात एकही बाई रडत नाही?"

"मुद्दामच तसला मागवलाय. तुझ्यासाठी."

रेवाने टेबलावरचा शेवटचा पत्ता सरळ केला. मग म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही तो पत्ता बशीखाली घातलात ना. मी बघितला होता."

सुगंधाने दोन्ही हात मांडीत दाबून धरले. हेच ऐकायला लागू नये म्हणून तर वर्षभर ती बस थांब्यावर लांबूनच हात करत आली होती.

"माझं चुकलं गं पोरी. मी त्या दिवशी पत्ते काढायलाच नको होते. माझ्या हाताला काहीतरी..."

"थांबा. मला बोलू दे." रेवाचा आवाज खाली होता, पण अडखळत नव्हता. "तेव्हा सगळे म्हणाले, काही झालंच नाही. डॉक्टर म्हणाली, कॉमन आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, कुणाला बोलू नकोस, पुन्हा होईल. अजिंक्यला दुक्महून सुट्टी मिळेपर्यंत मी चादरी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवल्या होत्या. तो आला तर घरात काहीच नव्हतं दाखवायला. मलाच वाटायला लागलं, खरंच कोणी होतं का? मग तुमचा चेहरा आठवायचा. ती बशी ठेवतानाचा. वाटायचं, चला, काकूंना तरी ठाऊक आहे."

सुगंधाने वर्षभर स्वतःला किती नावं ठेवली होती, अवलक्षणी, पांढऱ्या पायाची, काळ्या जिभेची. यातलं एकही या पोरीच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मग आलीस का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही लांबून हात करून लगेच दुसरीकडे बघायच्या. मला वाटलं, तुम्हाला नकोय."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सुगंधाने सीताफळांची पिशवी इकडची तिकडे केली.

"मला आज पत्ता नको होता, काकू. रविवारी अजिंक्य येऊ शकत नाही. दुरुस्तीचं शटडाऊन चालू आहे तिकडे. तुम्ही याल?"

"मी?" सुगंधा खुर्चीतून अर्धी उठली. "मी नको गं. रोशेलला ने. चांगली शिकलेली आहे, डॉक्टरशी इंग्लिशमध्ये बोलेल. मी आले आणि पुन्हा काही..."

"काही झालं तर मला तिथे तुम्हीच हव्यात."

सुगंधा उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात काही नव्हतं. या वेळी लसूणसुद्धा नव्हता.

"किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

इथे रविवारी शाळा भरते, म्हणून शनिवारी रात्री तिने हुसैनमियाँला फोन करून रजा सांगितली. सुगंधाबाईने रजा घेतल्याचं ऐकून बसचं एक चाक आपोआप बसलं, असं तो पुढे सगळ्यांना सांगत फिरला.

"बच्चे कौन गिनेगा?"

"तुम गिनो."

"मैं गिनूँ तो गाडी कौन चलाएगा?"

"पहले गिनो, फिर चलाव, मियाँ. इतने बरस मैं क्या उलटा करती थी?"

रविवारी दवाखान्यात एसी इतका जोरात होता की बाकड्यावर बसलेल्या बायका पदर, अबाया, शाली गुंडाळून बसल्या होत्या. रेवाचं नाव पुकारलं. तिने पर्स, चपला आणि पाण्याची बाटली सुगंधाच्या हाती दिली, निळ्या सपाता चढवल्या आणि आत गेली. सुगंधाही उठली, तर दारातल्या ओमानी नर्सने हात आडवा केला. वयस्क बाईला इथे सगळे मामाच म्हणतात.

"मामा, तू आई?"

सुगंधाने क्षणभर विचार केला. "हो," ती म्हणाली.

"इथे बस. नंतर बोलावते."

दार लागलं. सुगंधा बसली. उठली नाही. रेवाच्या चपला मांडीवर, बाटली शेजारी. पत्ते वाचणाऱ्या बाईचं एक गुपित असतं, जे ती कुणाला सांगत नाही: पत्ता वाचायच्या आधी ती समोरचीचा चेहरा वाचते, आणि अर्धंअधिक तिथेच कळतं. इतक्या वर्षांत सुगंधाच्या नजरेतून चेहरा सुटला नव्हता. कुणाला नोकरी लागलीय, कुणाच्या घरी भांडण झालंय, ते तिला दारातच कळायचं.

आतून मशीनचा घरघर आवाज येत होता. मग तो थांबला. मग पावलं. दाराची कडी वाजली आणि नर्स बाहेर आली.

सुगंधाने मान खाली घातली. नर्सच्या पांढऱ्या बुटांवर, बुटांच्या नाड्यांवर तिने नजर रोवून धरली आणि वर उचलली नाही. जे काही असेल ते पहिलं रेवाचं होतं, नर्सच्या चेहऱ्यावरून वाचून घ्यायचं नव्हतं.

"मामा, यल्ला, चल," नर्स म्हणाली.

चपला छातीशी धरून, फरशी बघत बघत, ती आत गेली.