पश्चिमेची काच

चष्मेवाल्यांचं दुकान भर शहरात आणि घर शहराबाहेर, हायवेच्या कडेला वसलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत. घर त्यांनी हौसेने बांधलं होतं. दिवाणखान्याची पश्चिमेकडची अख्खी भिंत काचेची होती. संध्याकाळी सोफ्यावर बसलं की ऊन थेट मांडीवर यायचं. जन्मभर लोकांच्या नाकावर काचा बसवल्या, एक मोठी स्वतःसाठी बसवली, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. बायकोने हसणं सोडलं होतं, कारण काच तिला पुसावी लागे.

घर इतकं ऐसपैस की दोघं एकमेकांना फोन करून जेवायला बोलावत.

मग वीज महागली आणि पाठोपाठ पेट्रोल. दुकानात जाण्यायेण्यात दिवसाच्या कमाईचा मोठा लचका गाडीच तोडू लागली. घरात चष्मेवाल्यांनी आधी वरचा मजला बंद केला, मग पाहुण्यांची खोली. दिवाणखान्यातला एसी बंद केल्यावर तिथे दुपारी पाऊल ठेववेना. ऐन उन्हाळ्यात दोघं स्वयंपाकघरामागच्या कोठीत राहायला गेले. तिला एकच खिडकी होती, तीही उत्तरेला, आणि छोटा एसी तेवढ्या जागेला पुरत होता.

डब्यांच्या फळ्यांखाली दोन खाटा पडल्या. कित्येक वर्षांनी दोघं एका खोलीत झोपू लागले, आणि बायकोच्या लक्षात आलं की नवरा झोपेत बोलतो.

"काय बोलतो मी?"

"'हे जास्त स्पष्ट दिसतं, की आधीचं?' असं विचारता."

"मग तू काय म्हणतेस?"

"आधीचं."

घर विकायचं तिनेच काढलं. लोक काय म्हणतील, असं चष्मेवाले म्हणाले.

"शेजारच्या तिन्ही घरांवर 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्यात," ती म्हणाली. "लोकांना सवड कुठे आहे काही म्हणायला?"

एजंटबाई आल्या. पूर्वी त्या या वसाहतीत गिऱ्हाईक आणत ते सूर्यास्ताच्या वेळी; आता सकाळी लवकर, काच तापायच्या आत आणू लागल्या. "आधी विचारायचे, गाड्या किती मावतात," त्या म्हणाल्या. "आता विचारतात, बसस्टॉप किती लांब. आणि चप्पल काढायच्या आत लाइटचं बिल मागतात."

एक तरुण जोडपं मात्र उशीर करून भर दुपारी आलं. नवरा काचेसमोर उभा राहून "वा!" म्हणाला. त्याच्या बायकोने काचेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कळवतो म्हणाले. कळवतो म्हणून गेलेली माणसं एजंटबाईंनी मोजणं सोडून दिलं होतं.

शेवटी तिघी बहिणी आल्या, आपापल्या नवऱ्यामुलांसकट. तिघीही वसाहतीपलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होत्या. आजवर शहरात भाड्याने राहत, पण बाहेरची सगळी माणसं शहरात परतू लागल्यावर भाडी आभाळाला टेकली. इथून कारखाना चालत जाण्यासारखा. थोरलीने बोलता बोलता खोल्या वाटून टाकल्या. बंद पडलेला वरचा मजलाही भरून गेला. मग ती काचेपाशी येऊन थांबली.

"ही भिंत बांधून काढू."

"कुठली भिंत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"हीच. विटा लावू."

"सूर्यास्त दिसतो हो इथून."

"दिसतो ना. आणि मग रात्रभर आपल्याकडेच मुक्काम करतो."

चष्मेवाले कोठीत जाऊन खाटेवर बसले. बायको मागोमाग आली.

"घर द्यायचं नाही," ते म्हणाले.

"बरं. मग मी एकटीच जाते. दुकानामागच्या खोलीतल्या जुन्या फ्रेमा काढल्या की एक खाट बसते. तुम्ही रविवारी येत जा."

"एवढं मोठं घर सोडून त्या खोलीत?"

"मोठ्या घरात तुम्ही मला फोनवर भेटायचात," ती म्हणाली. "या खोलीत निदान भांडता तरी येतं."

काच आपण कोणासाठी बसवली होती, हे चष्मेवाल्यांना त्या घटकेला धड आठवेना. एवढं मात्र कळलं की बायकोशिवाय त्या काचेतून बघत बसायला आपल्याला जमणार नाही. ते उठले, डोळे पुसले आणि बाहेर आले.

"विटा लावा," ते थोरलीला म्हणाले. "फक्त खालच्या बाजूला एक छोटी खिडकी ठेवा."

"एवढ्या खाली? कशाला?"

"मुलांच्या उंचीला. त्यांना बाहेर बघता येईल."

थोरलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "ठेवू की," ती म्हणाली.

सौदा झाला. किंमत काय आली, ते चष्मेवाल्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. गाडी विकली. दुकानामागच्या खोलीत दोन खाटा बसल्या. मधून जायचं तर एकाने पाय वर घ्यावे लागत. बायको सकाळी काउंटर सांभाळू लागली आणि उधारी मागणाऱ्यांना तिचा धाक वाटू लागला.

पुढे एकदा दुपारी वसाहतीतले निवृत्त बँक मॅनेजर डोळे तपासायला आले. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," चष्मेवाले म्हणाले.

"माहीत आहे मला." मॅनेजरांनी आवाज खाली आणला. "दुकानावरची खोली रिकामी आहे म्हणे."

"गेली ती."

"कोणाला?"

"तुमच्या समोरच्या बंगल्यातल्या डॉक्टरांना."

डॉक्टर मॅनेजरांबरोबर रोज सकाळी फिरायला असत आणि याबद्दल एक चकार शब्द बोलले नव्हते.

"त्यांना चहा विचारा," मागून बायकोचा आवाज आला. "आणि शेजारच्या शिंप्याचा पोटमाळा रिकामा होतोय म्हणून सांगा. एजंटबाई संध्याकाळी दाखवायला येणार आहेत. पण उभं राहिलं की डोकं लागतं हो!"

"बसून राहू," मॅनेजर म्हणाले. संध्याकाळ व्हायला पुष्कळ अवकाश होता, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत.