वळसा की धडक

"बोका? आता हा बोका कुठून आला?" टायपिस्टने चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, रात्री जास्त झाली की सकाळी जर्मन माणूस डोकं धरून म्हणतो, 'माझ्याकडे बोका आलाय.' शब्द एकच. बोक्यालाही तोच आणि त्या ठणकणाऱ्या डोक्यालाही तोच."

"मग इंग्रजीत काय लिहिणार?"

"तेच तर! बोका लिहिला तर दारू उतरते आणि दारू लिहिली तर बोका पळून जातो."

दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. त्या भाषांतर कार्यालयात असं हसू फार क्वचित ऐकू येई. तिथे या भाषांतरकार बाईला सगळे कोशबाई म्हणत, कारण शब्दकोश तिच्या टेबलावरून कधी हललाच नाही. पाण्याचे पंप, शिलाईयंत्रं, रक्तदाब मोजायची उपकरणं यांची जर्मन माहितीपत्रकं इंग्रजीत करण्यात तिची तेवीस वर्षं गेली होती. 'झाकण घट्ट बसवावे' हे वाक्य तिने किमान हजार वेळा लिहिलं असेल. म्हणून एका प्रकाशकाने शंभर जर्मन शाब्दिक कोट्यांची पुस्तिका पाठवली, तेव्हा ती तिने साहेबांकडून जवळजवळ हिसकावूनच घेतली होती.

अडतिसावी कोटी दीड ओळीची होती. 'उमफारन'च्या उलट काय? 'उमफारन'!

"ही तर फारच भारी आहे," कोशबाई म्हणाली. "पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ होतो, गाडीने धडक देऊन आडवं पाडणं. नंतरच्या अक्षरावर दिला तर वळसा घालून बाजूने जाणं. बोलताना कळतं. लिहिताना मात्र दोन्ही अगदी सारखे. इंग्रजीत आपल्याला एकच काहीतरी निवडावं..."

ती बोलता बोलता थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण हातातली पेन्सिल खाली पडून टेबलाखाली घरंगळत गेली.

"काय झालं हो?"

कोशबाई उठली आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटापाशी गेली. अकरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडताना तिची बोटं दोरीत अडकत होती. कागद सापडला. एका वाहतूक कंपनीचं काम होतं. त्यांच्या जर्मन ट्रकचालकाने अपघातानंतर स्वतःच्या भाषेत जबानी लिहून दिली होती. जेमतेम चार ओळी.

'तो माझा जावई आहे. सकाळी आमचे भांडण झाले होते. तो सायकलवरून अचानक समोर आला. मला त्याला उमफारन करायचे होते.'

खाली तिच्याच हाताचं इंग्रजी भाषांतर होतं. शेवटची ओळ अशी: मला त्याला धडक देऊन पाडायचे होते.

त्या दिवसातलं ते पाचवं काम होतं, एवढं तिला आठवलं. दुसरा अर्थ असू शकतो हे तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं. भांडणाचं वाक्य वाचलं आणि लेखणी आपोआप तिकडे वळली. उलट, 'माणूस प्रामाणिक आहे हो, कबूल करतोय,' असं ती कुणाला तरी म्हणालीही होती. कोशबाई कपाटाला टेकून खाली बसली.

साहेबांनी ती कोटी आणि ती जबानी, दोन्ही वाचलं आणि उठून दार लावून घेतलं.

"कोशबाई, अकरा वर्षं झालीत. त्यांची चौकशी संपली, फाईल बंद झाली. आता उकरून काढाल तर आपल्या ऑफिसचं नाव जाईल."

"नाव गेलंय साहेब. फक्त कुणाला माहीत नाही."

"त्याला तरी आता काय फरक पडणार आहे?"

"ते त्यालाच विचारते," ती म्हणाली.

जबानीवर पत्ता होता. चालक अजून तिथेच राहत होता, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत. म्हातारा झाला होता. दारात कोणीतरी आपल्या भाषेत बोलतंय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याने तिला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला.

तिने कागद पुढे केला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच."

"शेवटच्या ओळीतला हा शब्द मोठ्याने म्हणाल?"

त्याने म्हटला. जोर नंतरच्या अक्षरावर होता. वळसा.

कोशबाईने डोळे मिटले. मग आपण काय लिहिलं होतं ते तिने त्याला एका दमात सांगून टाकलं, न थांबता, कारण थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं.

म्हाताऱ्याने कागद स्वतःच्या हातात घेतला.

"पण मी तर सगळ्यांना हेच सांगत होतो," तो हळूच म्हणाला. "माझा कागद वाचा, माझा कागद वाचा. कंपनीतले साहेब लोक म्हणायचे, वाचूनच तुला कामावरून काढलंय. मला वाटायचं, ट्रक वळवला हाच गुन्हा असेल यांच्याकडे. मुलीलाही तेच म्हणालो. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी लिहून दिलंय ते वाच. तिने कंपनीत जाऊन वाचलं. त्या दिवसापासून बोलली नाही."

"तिला तुमची भाषा येत नाही?"

"घरात आईचीच भाषा चालायची. मी कायम रस्त्यावर. शिकवणार कोण?"

"आणि जावई?"

"डोक्याला मार लागला होता. त्याला काहीच आठवत नाही. लंगडत चालतो म्हणे."

कोशबाईला 'माफ करा' म्हणायचं होतं. पण तो शब्द तिला कुठल्याच भाषेत सापडेना. तिने तिथेच बसून नवं भाषांतर लिहून काढलं. म्हाताऱ्याने ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खाली सही केली, मोठ्या अक्षरांत, आजची तारीख घालून.

"तुम्हीच नेऊन द्या," तो म्हणाला. "मला बघून ती दार लावेल."

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिने दारातच उभं राहून कागद वाचला. मग परत वाचला.

"तुम्ही लिहिलं होतं ते?"

"हो."

"एक शब्द? एका शब्दापायी?" तिचा आवाज चिरका झाला. "माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याने आजोबांना पाहिलेलं नाही. आई गेली तेव्हा मी त्यांना तिरडीजवळ उभं राहू दिलं नाही, बाई! सगळ्यांसमोर 'बाजूला व्हा' म्हणाले मी. आणि ते झाले बाजूला. एक शब्द बोलले नाहीत."

कोशबाई मान खाली घालून उभी राहिली. निघून जावं असं तिला वाटलं, पण ती हलली नाही. जे ऐकायचं ते इथे उभं राहूनच ऐकायला हवं होतं. आतून काठी टेकत कोणीतरी येत असल्याचा आवाज आला आणि दारामागे थांबला.

शेवटी मुलीने तळहाताने नाक पुसलं.

"त्यांचे गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं.

"बसताना पलंग धरतात."

"आमच्याकडे लिफ्ट नाही."

ती आत गेली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून घेऊन आली. कोशबाई मदतीला पुढे झाली, पण तिने मानेनेच नको म्हटलं. खुर्ची छातीशी धरून ती एकेक पायरी खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर जिना वळतो तिथे तिने ती भिंतीला लावून ठेवली, हलते का ते दाबून पाहिलं, आणि एका डुगडुगणाऱ्या पायाखाली कागदाची घडी सारली.