चाळिसावी पहाट

तोकमानला आडवं होता येईना, त्याला दीड वर्ष झालं होतं. तीस वर्षांची खाणीतली धूळ छातीत बसलेली. जरा पाठ टेकली की जीव घाबरा व्हायचा. म्हणून त्याची बायको मालसुन त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि तो तिच्यावर रेलून तेवढी डुलकी काढायचा.

तेबेकच्या डोंगरातल्या त्या खाणकामगारांच्या चाळीत दर तिसऱ्या दारामागे कुणी ना कुणी असंच धापा टाकत होतं, त्यामुळे त्याचं नवल कुणालाच नव्हतं. पण मालसुन हार मानणारी नव्हे. नवऱ्याचा श्वास मोकळा व्हावा म्हणून तिनं चाळीस दिवसांच्या पहाटप्रार्थनेचा नवस बोलला. साडेचारची घंटा, गुडघाभर बर्फ आणि टेकडीवरचं चर्च. एक पहाट चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खरं सांगायचं तर तिला आणखीही काही हवं होतं. बाकीच्या बायका तीनदा 'प्रभू' म्हणून टाहो फोडायच्या, आणि मग कुणाच्या डोक्यावरून हात फिरायचा, कुणाच्या अंगात ऊब भरायची. मालसुनला वीस वर्षांत कधी साधी ओ मिळाली नव्हती. गुडघे तेवढे गार पडायचे. "एकदा तरी माझ्या घरी ये रे बाबा," एवढंच ती मागायची.

"केवढ्यानं ओरडता गं तुम्ही," तोकमान म्हणायचा. "तुझ्या प्रभूला कमी ऐकू येतं की काय?"

"गप बसा. तुमच्यासाठीच ओरडतेय."

"मग जरा हळू ओरड. हसलो की मला खोकला येतो."

चाळिसाव्या पहाटे घंटा झाली तशी ती उठायला लागली. तोकमान म्हणाला, "आज नको जाऊस."

एकोणचाळीस दिवसांत हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. मालसुन थबकली. पण आज नवस पुरा होणार, प्रभूनं काय दिलं याची सगळ्यांसमोर साक्ष द्यायची होती, पाळकबुवांनी त्यासाठी तांदळाच्या वड्या उकडायला सांगितल्या होत्या, आणि एवढं करून आज चुकवायचं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकायचा.

"तासाभरात येते हो." तिनं गोधड्यांची वळकटी करून त्याच्या पाठीशी लावली.

"गोधडी श्वास घेत नाही गं," तो म्हणाला. "तुझी पाठ हलते ना, तिच्या तालावर मला जमतं."

तरीही ती गेली. मेलीची अक्कल कुठं गेली होती देव जाणे, पण गेली.

चर्चमध्ये ती साक्षीला उभी राहिली. सगळे तोंडाकडे बघत होते. काय सांगणार? "प्रभू माझ्या घरी आलाय," ती म्हणाली. लोकांनी आमेन म्हटलं, दोघीतिघींनी डोळे पुसले. आपण धडधडीत खोटं बोललो, हे तिला ठाऊक होतं. वड्यांना हातही न लावता तिनं जोडे चढवले.

घराचं दार उघडं होतं. आत शेजारची जोमरे बसली होती. तांदळाची दारू विकणारी जोमरे, जिच्या हातचं पाणी मालसुननं बारा वर्षांत घेतलं नव्हतं, जिच्या घराला ती 'पापाचं दुकान' म्हणायची. दारूचा वास मारणारा सदरा घालून ती भुईवर ताठ बसली होती आणि तिच्या पाठीवर तोकमान रेलला होता. त्याची मान एका बाजूला कलली होती.

"भिंत ठोकली त्यानं," जोमरे म्हणाली. "मी आले. पाठ दे म्हणाला, दिली."

"किती वेळ झाला?"

"गेला त्याला बराच वेळ झाला. मी हलले असते तर पडला असता, ताई. तू येईपर्यंत त्याला जमिनीवर कसा टाकू?" भार पेलून तिला बोलताना धाप लागली होती. "दोनदा विचारलं त्यानं, ती आली का? मी म्हटलं, ही काय, येतेच आहे. मग माझ्या श्वासाबरोबर घेत राहिला जमेल तसा."

मालसुननं नवऱ्याला दोन्ही हातांनी धरलं, खाली निजवलं. दीड वर्षानं तो आडवा झाला. जोमरेला उठता येईना, पाय बधिर झाले होते. मालसुन तिच्या समोर बसली आणि तिचे पाय चोळू लागली. चोळताना तिला असं रडू फुटलं, जे चाळीस पहाटांत कधी फुटलं नव्हतं. तिला स्वतःची चीड आली होती, आणि ती चीड आता मरेपर्यंत जाणार नव्हती.

इतक्यात पाळकबुवा आणि चार बायका वड्यांचं भांडं घेऊन दारात आले. जोमरेला बघून बायका उंबऱ्याबाहेरच थांबल्या. पाळकबुवा हळूच म्हणाले, "ताई, या बाईंना बाहेर जाऊ द्या. आपण प्रभूला बोलावू या."

मालसुननं जोमरेचे पाय सोडले नाहीत.

"तो इथं येऊन पाठ लावून बसला होता, पाळकबुवा," ती म्हणाली. "माझ्या माणसानं मला थांब म्हटलं, आणि मी तुमच्याकडे वर प्रभूला हाका मारत होते."