राख देणारी होडी

होडी राख देते, ही बातमी धक्क्यावरून बाजारात आणि बाजारातून गावभर पसरायला वेळ लागला नाही. बघता बघता रांग मासळी बाजाराच्या फाटकापर्यंत गेली. रांगेत बर्फवाला होता, जाळी विणणाऱ्या बायका होत्या, बँकेतला कारकून होता आणि जन्मात कधी होडीत पाय न ठेवलेली शहरातली मंडळीही होती. प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद. राख पुडीत बांधून न्यायला.

रांगेच्या टोकाला, दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली, तळ आभाळाकडे केलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी होती. ती आमची होडी. माझ्या वडिलांची.

होडीशेजारी दर्याबाबा उभे. अंगात निळा पायघोळ झगा, डोळे अर्धे मिटलेले, हातात एक लांब काठी आणि काठीच्या टोकाला गुंडाळलेली ओली चिंधी.

"दर्या पितो, दर्या देतो!" बाबा ओरडायचे. "ज्याचं मन ओलं, त्याला राख! ज्याचं मन कोरडं, तो खाक!"

याचा अर्थ काय, असं मी पुष्कळांना विचारलं. अर्थ लागत नाही म्हणून तर ते थोर, असं उत्तर मिळालं.

मग बाबा ती चिंधी होडीच्या तळावर फिरवायचे. खरवडून लख्ख केलेला पत्रा आधी काळपट पडायचा. थोड्या वेळानं त्यातून पांढरी लव फुटायची, मांजरीच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. ती डोळ्यांदेखत वाढायची, वाकायची आणि राख होऊन खाली गळायची. पत्र्याला हात लावला तर तो गरम लागायचा. माणसं "आई गं!" म्हणून हात मागे घ्यायची आणि मग तोच हात कपाळाला लावायची.

माझ्या आईनं पहिल्या दिवशी त्या पत्र्यावर हात ठेवला तो काढेचना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ गं," ती मला म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या हाताची ऊब आहे ही. अशीच असायची."

आईला काय सांगणार?

वडील गेल्या वर्षी दुखण्यानं गेले. मागे राहिली ही होडी, आणि तीही जागोजागी गळणारी. मी धक्क्याजवळच्या शेडमध्ये होड्या दुरुस्त करते. दादानं वडिलांच्या जागी समुद्रावर जायचं, आणि त्याआधी मी होडी धडधाकट करून द्यायची, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे आईनं ठरवलं, मी हो म्हटलं आणि दादानं नाही म्हटलं नाही.

होडी कुठे गळते ते शोधायचं असेल तर ती जमिनीवर ठेवून आत पाणी भरायचं आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूची खूण करायची. आमच्या होडीचा तळ खुणांनी भरून गेला. सैल झालेले रिव्हेट मी पुन्हा ठोकून बसवले. त्या कामाला दोघं लागतात. एकानं बाहेरून हातोडा मारायचा आणि दुसऱ्यानं आतून जड लोखंड दाबून धरायचं. आत दादा बसायचा. "धरलंय रे?" मी विचारायची. "धरलंय, चिमणे, मार!" तो म्हणायचा. मी घोडी झाले तरी त्याच्यासाठी चिमणीच. मग खाऱ्या पाण्यानं पत्रा खाऊन पडलेले खड्डे होते. तिथला जुना रंग आणि पांढरा भुगा खरवडून मी पत्रा चकाकेपर्यंत घासला. आता नवे तुकडे बसवायचे, रंग द्यायचा आणि होडी पाण्यात सोडायची, एवढंच बाकी होतं.

नेमका त्याच सुमारास दादा दर्याबाबांना घेऊन आला. "होडीला एकदा हात लावून जाऊ दे त्यांना," तो म्हणाला. "आईला बरं वाटेल."

बाबांनी हात काही लावला नाही. चिंधी लावली. आणि होडीनं राख दिली.

मी लोकांना सांगून पाहिलं. म्हटलं, खाऱ्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा भुगा येतोच, लोखंडाला गंज चढतो तसाच. बर्फवाल्यानं मला तिथल्या तिथे गप्प केलं. "तो यायला वर्षं जातात. हा डोळ्यांसमोर येतो, आणि गरम येतो. बोल, का?"

त्या 'का'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण दोन गोष्टी मला खटकत होत्या. राख यायची ती मी घासून लख्ख केलेल्या जागीच. शेजारच्या रंगवलेल्या पत्र्यावर कितीही चिंधी फिरवा, काही होत नसे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, राख सगळ्या गावानं खायची, पण बाबा स्वतः तिला बोटही लावत नसत. विचारलं तर म्हणत, "दाता खात नसतो."

एका संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, मी त्या घासलेल्या जागेवर रंग फासला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चिंधी फिरवली आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. रांगेत कुजबुज सुरू झाली. बाबांनी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्या नखांतल्या रंगाकडे पाहिलं आणि डोळे गरगर फिरवले. "कुणीतरी होडीचा श्वास कोंडलाय!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जाळी विणणारी एक म्हातारी माझ्या अंगावर धावून आली. तेव्हा दादा मध्ये पडला. "माझ्या बहिणीला कुणी एक शब्द बोलायचं नाही!" तो गरजला. माझा ऊर भरून आला. पाठीशी उभा राहणारा भाऊ असावा तर असा, असं मला वाटलं.

आई मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

पुढच्याच सकाळी रंग गायब. पत्रा पुन्हा लख्ख. होडीनं आपणहून रंग झटकून टाकला म्हणून गावात नुसता जल्लोष. मी शेडमध्ये जाऊन हत्यारांची पेटी उघडली. खरवडणी जागच्या जागी होती. तिच्या पात्याला ताजं तेल लावलेलं होतं.

काम झाल्यावर हत्यार पुसायचं, पात्याला तेलाचा बोळा फिरवायचा आणि मगच खाचेत ठेवायचं, ही आमच्या वडिलांची शिस्त. धक्क्यावरचा दुसरा कुणी हत्यार वापरून फेकून देईल, पण तेल लावणार नाही. ही सवय दोनच माणसांच्या हाताला होती. एक मी. आणि मी त्या खरवडणीला रात्रभर हात लावला नव्हता.

तरी मी मनाची समजूत घातली. म्हटलं, कधीतरी आपणच लावलं असेल तेल आणि विसरलो असू. आपलेच दात नि आपलेच ओठ. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, हे शिकायला मला बाबांची गरज पडली नाही.

मग आई आजारी पडली. ती रोज सकाळी उपाशीपोटी चिमूटभर राख खायची. तिच्या हिरड्या सुजल्या, त्यांतून रक्त यायला लागलं. तोंडातून सारखी लाळ गळायची. "तोंडात पैसा धरल्यासारखी चव येते गं," म्हणायची. कपबशी धरताना बशी नुसती थडथडायची. दादा म्हणाला, "वय झालं तिचं." मी तिला उचलून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईचं तोंड तपासलं आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या.

"अशा हिरड्यांची माणसं हल्ली रोज येताहेत माझ्याकडे. सगळ्यांत सारखं काय आहे तेच कळत नाहीये. मावशी, तुम्ही असं काय खाताय?"

आईनं पदराची गाठ सोडून पुडी पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी राख कशी निघते ते खोदून खोदून विचारलं. मी चिंधीचं सांगताच त्या म्हणाल्या, "ती चिंधी मिळेल?"

मिळण्यासारखी होती. बाबा ती रोज दादाकडे धुवायला देत आणि दादा ती आमच्या परसातल्या खुंटीवर वाळत घाली. मी काठीनंच उचलून डब्यातून नेली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, चिंधी ओली केली आणि तांब्याच्या तारेचा तुकडा तिच्यात घासला. लाल तार चांदीसारखी पांढरी झाली.

"पारा," त्या म्हणाल्या. "पाऱ्याचा विषारी क्षार पाण्यात विरघळवलाय. आता मला एक सांग, अ‍ॅल्युमिनियमला पारा लागला तर काय होतं?"

"ते ठाऊक नाही. पण घासलेल्या पत्र्यावर थोड्याच वेळात पातळ पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्राच पत्र्याला जपतो. नाहीतर असली होडी समुद्रात टिकलीच नसती."

"मग तेच. पारा तो पापुद्रा धरूच देत नाही. उघडा पत्रा हवेतला ओलावा खातो, तापतो आणि त्याची राख होते."

आमची दोघींची अर्धी अर्धी माहिती अशी एकमेकींना जोडली गेली. मी डॉक्टरीणबाईंच्या घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याचं झाकण घासलं आणि त्यावर चिंधी फिरवली. दवाखान्याच्या टेबलावर, औषधांच्या बाटल्यांमध्ये, झाकणाला पांढरी लव फुटली.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी रांगेच्या पुढे जाऊन उभ्या राहिलो. आईनं ऐकलं नाही. तीही थरथरत आली.

"बाबा," डॉक्टरीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आज पहिली चिमूट तुम्ही खायची."

"दाता खात नसतो!"

"मग आजच्या दिवस घेणारे व्हा."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डोळे मिटले आणि दर्याला साद घालायला सुरुवात केली. तोवर डॉक्टरीणबाईंनी झाकण बाहेर काढून सगळ्यांसमोर धरलं आणि त्यावर चिंधी फिरवली. राख आली. गरमही लागली. बर्फवाल्यानं झाकणाजवळ हात नेऊन खात्री करून घेतली.

"हे माझ्या स्वयंपाकघरातलं झाकण आहे," त्या म्हणाल्या. "यात कुणाचे वडील आलेत?"

आईनं मान खाली घातली. ते वाक्य मला आजही बोचतं. पण खोटं नव्हतं.

मग मी पुढे झाले. रोज राख देणाऱ्या जागी पेचकस टेकवला आणि नुसता अंगठ्यानं दाबला. ओल्या पुठ्ठ्यात शिरावा तसा तो आरपार गेला.

"राख कुठून येते विचारत होता ना?" मी म्हणाले. "ही राख म्हणजे होडीच आहे. होडी संपत चाललीय, आणि तिच्यासोबत तुमच्या पोटात पारा जातोय."

धक्क्यावर एकच कल्ला झाला. माणसं पुड्या फेकायला लागली. बाबांनी झगा सावरला आणि पळायला वाट दिसेना तेव्हा काठी दादाच्या दिशेनं उगारली. "मला काय विचारता? यानं बोलावलं मला! रंग यानं खरवडला! याला विचारा!"

मी दादाकडे पाहिलं. तो नाही म्हणेल, म्हणून मी अजूनही वाट बघत होते.

"मला समुद्राची भीती वाटते," दादा म्हणाला. इतक्या हळू की पुढच्या दोघाचौघांनाच ऐकू आलं. "एकदा वडिलांबरोबर वादळात सापडलो होतो, तेव्हापासून. होडी दुरुस्त झाली असती तर मला जावं लागलं असतं. आणि चिमणे, तू ती दुरुस्त करतच गेलीस. वाटलं, होडी पुजली गेली की मला पाण्यात जा असं कुणी म्हणणार नाही."

"मला सांगायचंस ना!"

"कोळ्याच्या पोरानं काय सांगायचं?"

"आणि आई आजारी पडल्यावर?"

"बाबा म्हणाले, अंगातली घाण बाहेर पडतेय."

"तुला ते पटलं?"

त्यानं पायाशी पडलेली एक पुडी पायानंच दूर सारली.

"तू स्वतः कधी खाल्लीस राख?"

आईच बोलली. तिचा आवाज हातांसारखा थरथरत नव्हता. "मी रोज त्याच्यासमोर खायचे. वरून प्यायला पाणी तोच द्यायचा."

बाबाला पोलिसांनी नेलं. त्याच्या पेटीत त्याच क्षाराच्या बाटल्या आणि हातमोजे सापडले. आईला मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं. हिरड्या बऱ्या झाल्या, हातांची थरथर मात्र अजून आहे. चहा मी तिला अर्धा कपच भरून देते. होडी वाचली नाही. पारा एकदा शिरला की तुकडे बसवून भागत नाही, तो नव्या पत्र्यालाही लागतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तशी काळजी घेऊन, मोजे घालून, ती कापून नेली. तेव्हा मी घरात बसून होते.

दादा आता बर्फाच्या कारखान्यात काम करतो. घरी येतो, जेवतो. आई त्याला वाढते. त्याच्या डोळ्याला डोळा मात्र देत नाही. त्यानं माझी माफी मागितली आहे, आणि मनापासून मागितली आहे हे मला कळतं. पण सगळ्या गावासमोर तो माझ्यासाठी गरजला होता आणि मी भरून आले होते, ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. बाबा तर परका होता. फसवणं हा त्याचा धंदाच. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

तरी दाद नाही, पण एक विनंती तुम्हा सगळ्यांना करते. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी तोंड उघडा. हे कशातून आलं, ते विचारा. दुसऱ्या जागी, दुसऱ्या वस्तूवर करून दाखव म्हणा. देणारा स्वतः खातो का, ते बघा. उत्तर लगेच मिळालं नाही तर 'ठाऊक नाही' म्हणा आणि ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे जा. ठाऊक नसण्यात कमीपणा नाही, म्हणून त्या जागी देव आणून बसवू नका.

आणि घरात कुणाला कशाची भीती वाटत असेल तर त्याला ती बोलू द्या. हसू नका. 'तू असा कसा' म्हणू नका. दादा एवढं एक वाक्य वेळेवर बोलला असता तर मी होडी विकून टाकली असती, आणि आईनं भरलेला कप दोन्ही हातांनी सहज उचलला असता.