डावीकडे जाणारा ट्रॅक्टर

मी एक जुना ट्रॅक्टर आहे, मित्रांनो, पण शेत मी आजवर पाहिलेले नाही. हसू नका. मी तुमच्या तळहातावर मावतो. माझ्या आसनावर बसायचे तर तुम्हाला मुंगीएवढे व्हावे लागेल. तरी मला हलका समजू नका. मी प्लॅस्टिकचा नाही, पत्र्याचाही नाही. भरीव धातूचा आहे. पायावर पडलो तर अजूनही चांगले ओरडायला लावीन.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेला धातू साच्यात ओतला, साचा उघडला, की आम्ही भावंडे डझनाने बाहेर पडत असू. निळ्या रंगाचा फवारा अंगावर बसला. मग एका कामगार बाईने मला चार रबरी चाके लावली आणि टेबलावर एकदा ढकलून पाहिले. मी नाकासमोर सरळ गेलो. "हा चांगला," एवढेच ती म्हणाली आणि मला खोक्यात घातले. माझे ते पहिले कौतुक. सरळ जाण्याबद्दल मिळालेले शेवटचेही तेच.

मला विकत घेतले एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने, आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना. मुलगा मला हातात घेतल्याबरोबर ओठ फुगवून "भुर्र" करू लागला. दोन दिवसांत घरात त्याचे नावच भुर्र्या पडले. त्याची बहीण सात वर्षांची. तिला तो ताई म्हणे, म्हणून मीही तिला मनातल्या मनात ताईच म्हणत आलो आहे.

एकदा भुर्र्याला गोवर झाला. तो आतल्या खोलीत पडून होता आणि मी एकटा होतो. ताईच्या मनात आले, हा जिन्यावरून उतरू शकेल का? तिने मला वरच्या पायरीवर ठेवले आणि सोडून दिले. मित्रांनो, जिना उतरणे हे ट्रॅक्टरचे काम नव्हे. सतरा पायऱ्या मी मोजल्या, प्रत्येक पायरी वेगळ्या अंगावर. खाली पोचलो तेव्हा पुढच्या चाकांचा दांडा तुटला होता आणि निळ्या रंगाचे ठिकठिकाणी टवके उडाले होते.

ताई मला फ्रॉकच्या ओच्यात घेऊन दुकानात गेली. रडणे तिने दारापर्यंत कसेबसे आवरून धरले होते.

"बाबा, भुर्र्याला सांगू नका ना!"

बाबांनी मला उलटसुलट पाहिले. सायकलच्या चाकाचा एक जुना स्पोक घेतला, कापला, कानशीने टोके घासली आणि पुढच्या चाकांसाठी नवा दांडा केला. निळा रंग दुकानात नव्हता. त्या आठवड्यात कुणाची तरी सायकल लाल करायची होती, तो डबा उघडा होता. त्यांनी मला डोक्यापासून पोटापर्यंत लाल करून टाकले.

"आणि त्याने निळा कुठाय विचारलं तर?" ताईने नाक पुसत विचारले.

"सांगायचं, निळा गेला नांगरायला. हा नवा आलाय."

"आणि खरं?"

"खरं आपल्या दोघांत. कुणाला सांगायचं नाही."

मला खिडकीत वाळत ठेवले. तेवढ्यात तोंडभर लाल पुरळ घेऊन भुर्र्या जिना उतरून आला. लाल ट्रॅक्टर पाहताच त्याने भोकाड पसरले, "मला आत्ता पाहिजे! आत्ता!" आजारी मुलापुढे कोणाचे चालते? बाबांनी मला उचलले आणि त्यांचा अंगठा माझ्या पोटावरच्या ओल्या रंगात रुतला. रेघ न् रेघ उमटली. निळा कुठे गेला, हे भुर्र्याने एकदाच विचारले, आणि मग तो निळ्याला पार विसरून गेला. तीन वर्षांचे मूल ते. मला थोडे लागले, पण मीच तो, हे सांगणार कसा?

बाबांचा दांडा मजबूत होता, पण नेमका नव्हता. त्या दिवसापासून मी सरळ जाईना. कितीही नीट सोडा, मी डावीकडे वळणार. भुर्र्या वैतागे.

"बाबा, हा असा का जातो?"

"त्याचं शेत तिकडे असेल," बाबा चाकात हवा भरता भरता म्हणत. "जाऊ दे त्याला."

मग भुर्र्याने युक्ती काढली. तो मला नेहमी उजव्या भिंतीपासून सोडायचा, म्हणजे मी खोली तिरकी ओलांडून बरोबर बाबांच्या पायाशी पोचायचो. आणि खेळ संपला की मला उलटा करून पोटावरच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवायचा. मोठ्या ठशात तो इवलासा अंगठा हरवून जाई.

"अजून नाही बसत, बाबा."

"बसेल रे. घाई काय आहे?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळे सुख त्या चार-पाच वर्षांत होते. पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला आवडत नाही.

भुर्र्या मोठा झाला, दूरच्या शाळेत राहायला गेला. मी दुकानातल्या नटबोल्टच्या डब्यात पडलो. त्याची मला तक्रार नव्हती. बाबा नट शोधताना डबा चिवडत आणि मला बोट लागे. मग एका वर्षी ते बोट लागेनासे झाले. बाबा गेले, दुकान रिकामे झाले आणि सगळे डबे भंगारवाल्याने उचलले. भुर्र्या तेव्हा बारा वर्षांचा होता. तो घरी आला तेव्हा मी तिथे नव्हतो.

त्यानंतर मी बरीच वर्षे एका केस कापणाऱ्याच्या दुकानात होतो. पाळीची वाट पाहणारी मुले मला खेळवत, आणि नाव पुकारले की अर्ध्या रस्त्यात टाकून जात. तिथून एका पुस्तके बांधणाऱ्याकडे गेलो. त्याने मला कागदांवर वजन म्हणून ठेवले. ट्रॅक्टर म्हणून माझा काही उपयोग आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आले नाही. शेवटी जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने मला घेतले. नखाने लाल रंग खरवडल्यावर खाली त्याला निळा दिसला आणि त्याची कळी खुलली. "मूळ रंग! संग्रह करणारे लोक मूळ रंग मागतात." त्याने ब्लेड घेऊन बाबांचा लाल रंग ओरबाडून काढला. नशीब एवढेच, की तो आळशी होता. जे दिसते तेवढेच त्याने घासले. पोट तसेच सोडले.

आणि एका सकाळी त्या दुकानात पिकल्या केसांचा एक चष्मेवाला आला. त्याने मला उचलले आणि नकळत त्याच्या ओठांतून हळूच आवाज आला, "भुर्र."

काय सांगू, माझी चारही चाके थरथरली! पन्नास वर्षांनी तोच हात, फक्त मोठा झालेला. उलटा कर, मी मनात ओरडत होतो. एकदाच उलटा कर!

"निळा आहे," तो दुकानदाराला म्हणाला. "मला लाल लागतात. असू दे, अदलाबदलीला होईल."

मला एवढे दुःख ब्लेडनेही झाले नव्हते.

त्याच्या चष्म्याच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथे काचेच्या कपाटात एकतीस लाल ट्रॅक्टर होते, सगळे माझ्याच साच्यातले. नवा लाल आला की चष्मेवाला दार लोटून घेई, डोळ्याला भिंग लावी, ट्रॅक्टर उलटा करी आणि पोट पाही. बराच वेळ पाही. मग मुकाट्याने त्याला रांगेत ठेवून देई. लोक म्हणत, काय छान छंद आहे! तो हसून मान हलवी. तो काय शोधतो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. मला मात्र पहिल्याच दिवशी कळले. तो मला शोधत होता. मी त्याच खोलीत, खालच्या फळीवर, अदलाबदलीच्या मालात बसलो होतो, आणि तो एकतिसांची पोटे तपासत होता. लाल ठसा लाल ट्रॅक्टरवरच असणार, हे त्याचे गणित. जगाला चष्मे देणारा माणूस, पण निळ्याला उलटा करून पाहावे हे त्याला एकदाही सुचले नाही. रागही येई मला आणि भरूनही येई.

दोन वर्षे अशी गेली. मग एक निवृत्त पोस्टमन त्याच्याकडे बत्तिसावा लाल घेऊन येणार असे ठरले. बदल्यात त्यांना निळा हवा होता, म्हणजे मी. रविवारी सकाळी चष्मेवाल्याने मला कापसात गुंडाळायला घेतले. आता गेलो तर कायमचा गेलो, हे मला कळत होते.

त्याच सकाळी ताई आली. ती दूर राहते, वर्षाकाठी एकदा येते. गुडघ्यांना हात लावत खुर्चीत बसली आणि कपाटाकडे पाहून म्हणाली, "भुर्र्या, अरे किती रे हे? आणि सगळे लाल! तुला गोवराच्या वेळचा लाल एवढा लाडका होता, मला माहीतच नव्हतं."

"तोच शोधतोय गं. त्याच्यावर बाबांचा अंगठा होता. त्यांच्या हातचं दुसरं काही उरलंच नाही आपल्याकडे."

ताईची नजर कापसातून डोकावणाऱ्या माझ्या निळ्या रंगावर गेली. मग तिने कापसातून मला बाहेर काढले. भिंग मागितले नाही, उलटा केला नाही. तिने सरळ मला टेबलावर ठेवले आणि ढकलले.

मित्रांनो, या खोलीत कोणी कधी ट्रॅक्टर चालवलेला नव्हता. संग्रह करणारे लोक चालवत नाहीत. रंग उडतो म्हणतात. माझी चाके जाम झाली होती. तरी मी होता नव्हता तेवढा जीव लावला आणि गेलो. डावीकडे वळलो, टेबलाची कड गाठली आणि चष्मेवाल्याच्या मांडीवर पडलो.

"भुर्र्या," ताई म्हणाली, "आपला ट्रॅक्टर निळाच होता. मी जिन्यावरून सोडला, तो मोडला. बाबांनी लाल केला. कुणाला सांगायचं नाही म्हणाले, म्हणून मी... तू हे शोधतोयस हे मला काय माहीत!"

त्याने मला उलटा केला. स्पोकचा दांडा पाहिला. पोटावरचा लाल रंग पाहिला. भिंगाची गरज पडली नाही.

"बाबांनी मला का नाही सांगितलं?"

"तू रडशील म्हणून."

"मग आता काय करतोय मी?" असे म्हणत तो हसलाही.

मग त्याने आपला अंगठा ठशावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. आता तो बसत होता, काठोकाठ. "बसला," तो म्हणाला. ताईकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहूनही नाही. ज्यांना सांगायचे होते ते तिथे नव्हते.

पोस्टमन आले तेव्हा त्यांना चहा मिळाला, निळा मिळाला नाही. कपाटातला हवा तो लाल घेऊन जा, असे ऐकून ते चक्रावलेच.

मी आता कपाटात नसतो, टेबलावर असतो. मला पुन्हा लाल करायचे नाही असे दोघा भावंडांनी ठरवले आहे. दुकान बंद करून आला की भुर्र्या मला उजव्या भिंतीपासून सोडतो. समोर कोणाचे पाय नसतात. मी मात्र अजून तिकडेच जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा पडला असेल. त्याला नुसता पुसून ठेवू नका. उलटा करा, कोणाचा हात लागला आहे ते पाहा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, ते असेपर्यंत. मग जमिनीवर ठेवून एकदा सोडा. तो वाकडा गेला तर अडवू नका. त्याचे शेत तिकडे असेल.