पतंग आधी उतरू द्या

मित्रांनो, मी एक जुना खेळ-संगणक आहे. वयाने नव्हे हो. उघडून उघडून माझ्या स्क्रूंचे आटे झिजले, म्हणून जुना! मी हातात मावतो. वर छोटा पडदा, खाली बटणं. माझा आराखडा जगाला खुला आहे. कुणीही वाचावा, हवा तसा बदलावा. हेच माझं भाग्य आणि हीच माझी पीडा.

अंबरनाथ पूर्वेच्या जितेशने सुटे भाग मागवून मला जोडलं. बॅटरी उल्हासनगरच्या बाजारातली. सिंधी दुकानदार हसला, "साईं, इतने से डब्बे में क्या क्या चलाओगे?"

"सब कुछ!" जितेश म्हणाला.

माझ्यासारखे डबे जोडणाऱ्यांचा फोनवर त्याचा एक ग्रुप होता, त्यांचंही तेच. हा जुने खेळ चालवेल, नवे चालवेल, गाणी रचेल, टीव्हीला जोडला की कॉम्प्युटर होईल! मी अजून धड सुरूही होत नव्हतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मला चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती आली की जितेश माझं डोकं पुसून ती भरायचा. जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

त्याचे वडील प्रमोद कारखान्यातून निवृत्त झालेले. लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. अंगठा हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दाबायला दिलेला रबरी चेंडू पप्पांनी भिरकावून दिला. मग जितेशची बहीण अस्मिता हिने माझ्यासाठी एक खेळ लिहिला. बटण दाबलं की पतंग वर, सोडलं की खाली.

"मी काय लहान आहे?" पप्पा कुरकुरले. तरी अंगठा टेकवलाच. पतंग हलला.

"अगं, वारा घेतला की याने!"

त्या दिवसापासून पप्पा मला सोडेनात. अंगठा रोज थोडा जास्त वाकायचा. मला केवढा आनंद व्हायचा!

तेवढ्यात नवी आवृत्ती आली. जितेशने मला पुसलं, आणि पतंगाचा खेळ नव्यात चालेना.

"दादा, जुनं टाक ना परत," अस्मिता म्हणाली.

"थांब गं, दुरुस्ती येतेय. ग्रुपवर सगळे बोलतायत."

दुरुस्ती काही येईना. मी टेबलावर पडून तळमळत होतो. समोर पप्पांची बोटं पुन्हा आखडत चालली होती.

एका रविवारी पप्पांनी मला उचललं आणि काळ्या पडद्याकडे बघत बटण दाबत बसले.

"पप्पा, तो बंद आहे," जितेश म्हणाला.

"माहितेय रे. तुझं होईल तेव्हा होईल. तोवर अंगठा तरी चालू राहू दे."

जितेशने मला त्यांच्या हातून अलगद घेतलं. मग त्याने माझ्यात जुनी आवृत्ती भरली. अस्मिताने खेळ चढवला. पतंग वर गेला आणि पप्पा ओरडले, "ढील दे, ढील!"

मित्रांनो, मी आणखी काय काय करू शकेन, ते जरूर शोधा. मलाही त्याची हौस आहे. पण माझ्यावर कुणाचा पतंग उडत असेल, तर आधी तो उतरू द्या.