संबंध तोडण्याचा मसुदा

रविवारी सकाळी सून इस्पितळाच्या गणवेशाला इस्त्री करत होती आणि सासरे जेवणाच्या टेबलावर बसून देशप्रेमाचे शुद्धलेखन तपासत होते. चाळीस वर्षे भाषा शिकवून ते निवृत्त झाले होते. गल्ली त्यांना गुरुजी म्हणे. ज्यांचे रक्ताचे नाते सरहद्दीच्या नदीपलीकडे आहे, त्यांनी मैदानात उभे राहून ते जाहीरपणे तोडावे, असा ठराव राष्ट्ररक्षक मंडळाने महिन्यापूर्वी केला. ठरावाला भाषा हवी होती. ती गुरुजींनी पुरवली : "पलीकडील माझ्या आप्ताशी असलेला सर्व संबंध मी स्वेच्छेने तोडत आहे." 'स्वेच्छेने' सुचायला तीन दिवस लागले होते. माणसे मारायला राष्ट्राला फौज लागते; माणसे लाजवायला एक सज्जन शैलीकार पुरतो. आजवर सतरा जणांनी ते वाक्य वाचले होते.

मंडळाचा चिटणीस, रंगाचा दुकानदार, यादी घेऊन आला.

"आज वहिनींचा नंबर, गुरुजी."

"कोण वहिनी?"

"आपल्याच. आई पलीकडे आहे ना त्यांची."

गुरुजी हसले. "अरे, तिनं इस्पितळात अर्ध्या गल्लीला इंजेक्शनं दिलीत. तुलासुद्धा. केवढा किंचाळला होतास."

"दोन मिनिटांचं काम आहे. नाही वाचलं, तर उद्या सकाळचा ट्रक, पुलापलीकडे. त्यांची पोरगी इथंच राहील. ती राष्ट्राची." चहा संपवूनच तो उठला.

आपले वाक्य इतरांसाठी आहे, अशी गुरुजींची प्रामाणिक समजूत होती. सुशिक्षितांची ही समजूत फार जुनी आहे.

"वाचून टाक, सूनबाई. शब्द म्हणजे काय, हवा." चाळीस वर्षे त्यांनी याच्या नेमके उलटे शिकवले होते.

"आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बाबा. आज फोनवर तिला काय सांगू?"

"कळवायचंच कशाला?"

"मैदानातला कर्णा पुलापलीकडे ऐकू जातो. मोठा बसवा, असं तुम्हीच सुचवलं होतंत."

बसच्या कारखान्यात फिटर असलेला नवरा ताटावरून म्हणाला, "वाच गं. पोरीसाठी."

"पोरीसाठीच अडलंय. उद्या तिला हेच वाक्य माझ्यावर वाचायला लावतील."

संध्याकाळी मैदानात तिचे नाव पुकारले गेले. तिने कागद घडी करून खाली ठेवला. "माझी आई पलीकडे राहते. तिला नीट दिसत नाही. मी तिला दर रविवारी फोन करते. आजही करणार आहे." एवढे बोलून ती मंचावरून उतरली.

चिटणीस गुरुजींकडे वळला. "तुमच्या घरातलं प्रकरण आहे. बोला काहीतरी."

गुरुजी माइकपाशी गेले. "हे वाक्य मी लिहिलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरेपर्यंत ते थांबले.

"मी ते मागे घेतो."

माइक बंद करण्यात आला.

सोमवारी तिला घेऊन ट्रक गेला. पोरगी बापाच्या खांद्यावर होती. आईची ड्यूटी कधी संपेल, एवढेच ती विचारत राहिली. गुरुजी पुलावरून घरी गेले नाहीत. सतरा जणांपैकी पहिला वाचणारा पाववाला होता. त्याच्या दुकानात ते शिरले.

"माफी मागायला आलोय."

पाववाल्याने भट्टीतून लाद्या ओढल्या. "परवा पलीकडून भावाचा फोन आला होता. उचलला नाही. लोक ऐकत होते ना."

"आता लाव. मी इथंच बसतो."

"बसून काय करणार?"

"कुणी विचारलं, तर सांगेन. मी लावायला लावला म्हणून."

पाववाला बराच वेळ हात पुसत राहिला. मग त्याने फोन काढला. रांगेतली चार गिऱ्हाइके त्याच्या बोटांकडे पाहत होती. तक्रार करायला त्यांच्यापैकी एक पुरेसा होता, आणि गप्प राहायला मात्र चौघेही लागणार होते. वाचकहो, रांगेत पाचवे आपण आहात.